सतरा फांद्या

शामे हमदला लवंगेचा वास सोसत नाही असं म्बुयुनी गावात कुणी सांगितलं असतं, तर लोक पोट धरून हसले असते. झांझिबारशेजारच्या पेंबा बेटावरचा माणूस! मोसमात इथे अंगणात, पत्र्यांवर, रस्त्याच्या कडेने, मशिदीच्या पायरीपर्यंत लवंगेच्या चटया पसरलेल्या असतात. माशाला पाणी बाधतं म्हणण्यातलाच प्रकार. त्यातून शामे म्हणजे सरकारी लवंग-अधिकारी, मुख्य भूमीवर मोरोगोरोला जाऊन शेतकी शिकून आलेला पदवीधर, मोटारसायकलवरून बेटभर झाडांच्या नाड्या बघत हिंडणारा.

पण होतं खरं. वाळत घातलेल्या लवंगेबद्दल त्याची तक्रार नव्हती. तो वास गोड, उबदार, पुलावाच्या हंडीसारखा. त्याला नको असायचा तो ओल्या, मोडलेल्या फांदीचा वास. तो वेगळाच. हिरवा, तिखट, नाकातून निघून डोळ्यांत शिरणारा. हा वास त्याला कुठेही गाठायचा. वेते शहरातल्या कचेरीत फायली चाळताना यायचा. नमाजात कपाळ जमिनीला टेकलेलं असताना यायचा. एकदा दार-एस-सलामला दंतवैद्याच्या खुर्चीत आला आणि शामे तोंड उघडं ठेवून घामाने निथळला. अर्थात दंतवैद्याकडे लवंगेचं तेल असतंच, तेवढं सोडून देऊ. पण बाकीच्या वेळी आसपास लवंगेचं पानसुद्धा नसायचं.

आणि वासाच्या आधी नेहमी आवाज यायचा. कड्.

हे समजायला आधी बी झुवेना कळायला हवी.

बी झुवेना, म्हणजे झुवेनाबाई, जुन्या काळातली. मूलबाळ नाही, नवरा समुद्राने नेलेला, आणि सगळी दौलत काय, तर मदरशाच्या विहिरीजवळचं एक लवंगेचं झाड. जमीन दुसऱ्याची, झाड हिचं. आमच्याकडे तसं चालतं. त्यातून भांडणं होतात, पण भांडणं नसती तर संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायचं तरी काय? झाड मात्र असं डेरेदार की तीन जणांनी बी झुवेनाला मागणी घातली. तिने तिघांनाही कॉफी पाजली आणि म्हणाली, "अरे, तुमची नजर सारखी माझ्या खांद्यावरून मागे जातेय. झाडाशीच निकाह लावा की. मेहर म्हणून त्याला दोन घागरी पाणी घाला."

तिघे गेले. मग भाचे येऊ लागले, आत्याची तब्येत विचारायला. तब्येत ठणठणीत आहे हे बघून त्यांची तोंडं उतरत. एका गुरुवारी बी झुवेना उठली, मशिदीत गेली आणि चार माणसांसमोर झाड वक्फ करून आली. म्हणजे झाड आता तिचं नाही, भाच्यांचं नाही, कुणाचंच नाही. विकायचं नाही, वाटायचं नाही, फक्त फळ घ्यायचं. आणि फळ कशासाठी, ते देणारा सांगेल तसं. तिची अट पोरं दर गुरुवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजेनंतर विहिरीजवळ उभी राहून तोंडपाठ म्हणायची, अजूनही म्हणतात: "या झाडाचं फळ मदरशात शिकणाऱ्या पोरांच्या आणि शिकवणाऱ्या मालिमच्या उजीसाठी. दुसऱ्या कशासाठी नाही. जो उजी पिईल त्याने झुवेनासाठी एक फातिहा पढावा."

उजी म्हणजे आपली पेज. बाजरीची, नारळाच्या दुधातली, वेलची घातलेली. खाडीपलीकडून अनवाणी चालत येणाऱ्या पोरांच्या पोटात दिवसभरात तेवढंच गरम पडायचं. शामे त्यातलाच. बाप लहानपणीच गेलेला, आई दोऱ्या वळायची. आठ वर्षं त्याने बी झुवेनाची उजी प्यायली आणि आठ वर्षं फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, पढला. वाटी चाटून झाल्यावर पढायचा, त्यामुळे तोंडात अल्लाहचं नाव आणि वेलचीची चव एकदमच असायची.

मग मोरोगोरोचं पत्र आलं. शामेला जागा मिळाली होती. बोटीला दहा दिवस होते आणि घरात प्रवासाला द्यायला दोऱ्यांशिवाय काही नव्हतं.

मदरशाचे मालिम मसूद तेव्हा ऐन चाळिशीत. बुटके, तोंडाचे फटकळ, आणि एकदा मनात आलं की घाटातल्या ट्रकसारखे, मागे येणं नाही. त्यांनी गावासमोर सांगून टाकलं, "यंदाचं बी झुवेनाचं फळ शामेच्या वाटखर्चाला."

म्हातारे चपापले. एकजण म्हणाला, "मालिम, अट उजीची आहे."

"पोराचं पोट भरायचं आणि डोकं उपाशी ठेवायचं, असं बी झुवेना म्हणाली होती का?"

"शब्दाला शब्द तसं नाही म्हणाली. पण 'दुसऱ्या कशासाठी नाही' असं म्हणाली ना."

"उद्या कयामतीच्या दिवशी विचारलं तर मी उत्तर देईन. तुम्ही मागच्या रांगेत उभे राहा."

झालं. लवंग वाळायला पाच-सहा दिवस कडक ऊन लागतं, म्हणजे तोडायला हातात चार दिवस. लवंग तोडायची रीत अशी, की झाडाला दोरांनी बांधून घेत चढायचं, आकडीच्या काठीने फांदी हळूच आपल्याकडे ओढायची, एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने झुबके खुडायचे आणि फांदी हळूच सोडून द्यायची. हळूच. लवंगेची फांदी मोठी फसवी. दिसते दणकट, मोडते काचेसारखी. जुने लोक म्हणतात, लवंगेला सुनेसारखं वागवावं. काहींच्या सुना ऐकतात आणि हसतात, पण म्हण आहे खरी.

पहिले दोन दिवस शामेने रीतीने तोडलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी शेंड्याजवळ लटकून त्याने वर पाहिलं. फळ अजून निम्म्याहून जास्त. खाली पाहिलं. आई चटईवर बसून झुबके निवडत होती. समोर खाडीच्या तोंडाशी एक शीड जाताना दिसत होतं. त्याने फांदी ओढली, आणि हळूच ओढली नाही.

कड्.

फांदी फळासकट खाली. कसं सोपं झालं! आईने निमूटपणे झुबके ओरबाडले. दुसरी फांदी ओढली. तिसरी. आईने वर न बघता विचारलं, "अरे, वाळकी आहेत ना?"

"वाळकीच आहेत, आई."

ओल्या फांदीचा हिरवा वास सगळीकडे भरून राहिला होता आणि आई लवंगेच्या बेटावर जन्मलेली होती. पण तिने पुन्हा विचारलं नाही. मोडलेलं लाकूड शामेने विहिरीमागच्या जाळीत खोल सारलं. चौथ्या दिवसापर्यंत झाड मोकळं झालं. दहाव्या दिवशी शामे बोटीच्या कठड्याला धरून उभा होता, गाव लहान होत चाललं होतं, आणि हाताचा वास समुद्राच्या पाण्यानेही जात नव्हता.

आता गंमत अशी, की इथवर त्याच्या मनाला काही टोचलं नव्हतं. झाड मोठं, फुटेल पुन्हा. अडाणी राहिला असता तर जन्मभर सुखाने झोपला असता. घात केला शिक्षणाने.

दुसऱ्या वर्षी वर्गात गुरुजींनी फळ्यावर लवंगेचं झाड काढलं. एक मोडका खुंट काढला, त्यातून आत शिरणारा बाण काढला आणि म्हणाले, "लवंगेचे दोन मुख्य आजार. एक मर, झाड उभ्याउभ्या अचानक जातं, त्याला इलाज नाही. दुसरी शेंडेमर. ती वरून वाळवत, फांदी फांदी करत खाली येते. हिला दार माणूसच उघडून देतो. तोडताना फांदी मोडली की जखमेतून बुरशी आत जाते."

शामेने वहीत खुंट काढला. बाण मात्र त्याच्याने काढवेना.

त्याच महिन्यात मालिमचं पत्र आलं. खाली सगळ्यांचे सलाम, कोण गेलं, कुणाला मूल झालं, आणि शेवटी एक ओळ: बी झुवेनाच्या झाडाचा शेंडा वाळतोय, पावसाने होत असेल. पुढच्या पत्रात उगवतीची बाजू वाळली होती. त्याच्या पुढच्या पत्रात झाडाचा उल्लेखच नव्हता. शामे पदवी घेऊन गावी आला तेव्हा विहिरीजवळ एक पांढरट सांगाडा उभा होता आणि त्यावर कावळेही बसत नव्हते.

"मर," गाव म्हणालं. "मर आली. अल्लाहची मर्जी."

सगळ्यांनी नव्या शेतकी पदवीधराकडे पाहिलं. त्याने वर पाहिलं. मोडक्या खुंटांपासून खाली उतरत गेलेलं काळं लाकूड कुणालाही दिसलं असतं, पण वाचता येत होतं त्याला एकट्यालाच.

"मरच दिसते," शामे म्हणाला.

झाड तोडलं. बुंधा राहिला. लाकूड जळणाला न्यायला कुणी धजेना, वक्फाचं म्हणून. एका गवंड्याने दोन ढलप्या नेऊन चहा उकळला, तर दोन दिवस त्याची जीभ बधिर झाली होती. तो म्हणतो वक्फाने झाली, त्याची बायको म्हणते चहा उकळता पिण्याची त्याला खोडच आहे. बायकांनी भर दुपारी बुंध्यावर काळा बुरखा पांघरलेली एक बाई बसलेली पाहिली, विहिरीकडे पाठ करून. कुणी सलाम केला तर उत्तर देत नाही, म्हणे. शामे शिकलेला, तो यावर हसायचा. फक्त दुपारच्या वेळी विहिरीवर जायचा नाही, एवढंच.

उजीचे हाल झाले. गाव मूठमूठ धान्य द्यायचं, पण उजी इतकी पातळ व्हायची की वाटीच्या तळाला रंगवलेली फुलं मोजता यावीत. मालिम मसूदांनी तर उजी सोडलीच. पोट बिघडलंय म्हणाले. मदरशाच्या चुलीवरची तातू रोज वाटी पुढे करायची, ते रोज मागे सारायचे.

शामेला पहिला पगार झाला आणि त्याने शेजारच्या गावातलं एक लवंगेचं झाड विकत घेऊन वक्फ केलं. पोरांच्या उजीसाठी. पुढच्या वर्षी दुसरं. मग दर वर्षी एक. स्वतःची बाग म्हणून काही राहिली नाही, मोटारसायकल तीच फटफटी राहिली, घराची एक भिंत कायम गिलाव्यावाचून. आणि प्रत्येक झाडाची अट एकच: फातिहा बी झुवेनासाठी पढायचा. माझं नाव घ्यायचं नाही.

"बघा, याला म्हणतात नम्रता!" गाव म्हणायचं.

त्याचं बघून मदरशातून शिकून गेलेले बाकीचेही द्यायला लागले. एका डॉक्टरने पाण्याची टाकी दिली, पोरं कॉलऱ्याने मरताना बघितली होती म्हणून. एकाने पंखे दिले, कारण वर्गमित्राने चटया दिल्या होत्या आणि हा त्याच्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर होता. झांझिबारच्या एका वकिलाने खोली बांधून दिली आणि दारावर स्वतःचं नाव एवढं ठळक कोरलं की मालिम मसूद बोट लावून वाचून म्हणाले, "बाळा, फरिश्त्यांना चष्मा लागत नाही."

वर्षं गेली. शामेची झाडं पंचविसाच्या वर गेली, उजी पुन्हा दाट झाली, वाटीतली फुलं दिसेनाशी झाली. कड् मात्र येतच राहिलं. प्रत्येक नवं झाड देताना त्याला वाटायचं, आता थांबेल. महिना-पंधरा दिवस थांबायचंही. मग कुठेतरी, चांगल्या गप्पा चालू असताना, कानामागे कड्. आणि तो वास.

अशात एका सकाळी नासरा आली. उंगुजा बेटावरच्या विद्यापीठातली चुणचुणीत मुलगी, हातात कागदांचा गठ्ठा. शिकलेले मुसलमान वक्फाला दान का देतात, याचा अभ्यास करत होती. शामेच्या ओट्यावर बसली, कॉफी घेतली, शेंगदाण्याची वडी तोडली आणि कागद पुढे केला.

"एक ते पाच आकडे आहेत, बाबा. पटत नसेल तर एक, अगदी पटत असेल तर पाच. पहिलं कारण, मेल्यानंतरही सवाब, पुण्य मिळत राहावं."

"पाच लिही."

"ज्या मदरशाने घडवलं त्याची कृतज्ञता."

"पाच."

"समाजात मान मिळतो."

आतून शामेची बायको मचांगा ओरडली, "तिथे शून्य लिही गं! मान मिळाला असता तर भिंतीला गिलावा तरी मिळाला असता."

"शून्य नाहीये, मामी, एकपासून आहे."

"मग एक लिही आणि शेजारी माझी सही घे."

नासरा हसत शेवटच्या ओळीला आली. "इतर काही कारण असेल तर इथे स्वतःच्या शब्दांत."

शामेने पेन घेतलं. रिकामी ओळ होती, चांगली लांब. कड्. त्याने पेन खाली ठेवलं. "हे राहू दे. पोस्टाने पाठवतो."

"चालेल. काल तर याहून अवघड झालं," नासरा कागद गोळा करत म्हणाली. "तुमच्या मालिम मसूदांकडे गेले होते. तुमचे शिकलेले विद्यार्थी का देतात म्हणून विचारलं. तर म्हणाले, 'देणाऱ्याबद्दल मला विचारू नकोस, पोरी, मी बुडवणारा. मी वक्फाची अट मोडली. फळ उजीचं होतं, मी बोटीला दिलं. अल्लाहने माझ्या डोळ्यांदेखत झाड वाळवलं. तेव्हापासून तिच्या उजीचा थेंब माझ्या तोंडात गेलेला नाही, कुठल्या तोंडाने पिऊ?' हे मी कुठल्या रकान्यात लिहू, सांगा बरं?"

तीस वर्षं शामे स्वतःच्या गुन्ह्याभोवती फिरत होता, आणि शेजारी दुसरा माणूस तोच गुन्हा स्वतःचा समजून उपाशी बसला होता. पोट बिघडलेलं नव्हतं तर.

मालिम आता पंचाहत्तरीच्या घरात. डोळे गेलेले, हाडांची मोळी झालेली. या मोसमात निघतील की पुढच्या, एवढंच बघायचं उरलेलं. शामे शुक्रवारी नमाजेनंतर त्यांच्याकडे गेला, आज सांगायचंच असं ठरवून.

"शिकामो, मालिम," शामेने वडीलधाऱ्यांना करायचा सलाम केला.

"मरहबा. कोण, शामे? ये, इथे बस." भेटायला आलेल्या चार म्हाताऱ्यांकडे तोंड करून मालिम म्हणाले, "या पोराचं एक सांगतो. मी रोज अल्लाहशी भांडतो. म्हणतो, झाड नेलंस, बरोबर केलंस, चूक माझी होती. पण त्या झाडाच्या फळावर हा शामे शिकला ना? याने एका झाडाची इतकी झाडं केली ना? एवढ्या एका गोष्टीवर मला सोड. माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नाही."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. शामे आलेली कॉफी प्यायला. कडू होती. आमची कॉफी कडूच असते. आता काय करायचं? गप्प राहिलं तर म्हातारा दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेऊन जाणार. बोललं तर दाखवायला ठेवलेली ती एकुलती एक गोष्टही त्याच्या हातातून जाणार. तो उठला आणि तसाच घरी आला.

पाच दिवस तो ताटातला भात चिवडत राहिला. सहाव्या दिवशी मचांगाने ताट ओढून घेतलं.

"सालिमच्या बाबा, इतकी झाडं देऊन झाली. एखाद्या माणसाला काही द्यायचं राहिलंय का?"

बायकांना कसं कळतं, कुणास ठाऊक. शामेने टोपी घातली. गुरुवार होता.

असरची नमाज झाली. मालिमना हाताला धरून विहिरीच्या कट्ट्यावर आणून बसवलं होतं. पोरांनी अट म्हटली, "दुसऱ्या कशासाठी नाही" या शब्दांवर मालिमची मान नेहमीसारखी खाली गेली. फातिहा झाला, पोरं पांगली. बुंध्यावर ऊन पडलं होतं. शामेने त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि मालिमच्या पायाशी जमिनीवर बसला.

"मालिम, ती मर नव्हती."

"काय?"

"बी झुवेनाच्या झाडाची. शेंडेमर होती. अट मोडल्यामुळे झाड वाळलं नाही. मी फांद्या मोडल्या. तोडताना. ओल्या फांद्या. बोट चुकेल म्हणून."

मालिमनी आंधळे डोळे खाडीकडे वळवले.

"किती?"

"सतरा."

"मोडताना मोजल्यास?"

"मोडताना नाही. तेव्हापासून रोज मोजतो."

"आणि गावाने विचारलं तेव्हा तू म्हणालास मर."

"हो."

मग मात्र मालिमचा आवाज चढला, तो जुना, चाळिशीतला आवाज. "गाढवा! त्या उजीचा वास रोज सकाळी भिंतीवरून माझ्या घरात येतो, माहितीये तुला? तीस वर्षं! वेलची टाकल्यापासून चूल विझेपर्यंत मी उशीत नाक खुपसून पडतो. पोरं मला म्हणतात, मालिम, वास लागला की तुमचं पोट गुरगुरतं! आणि तू झाडं देत सुटलास! मला एक शब्द दिला असतास!"

शामेने त्यांच्या पायांवर कपाळ ठेवलं. "माफ करा."

"माझी उजी माफ केली. ती माझी होती." मालिमनी पाय ओढून घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही. "झाडाचं मी कसं माफ करू? ते माझं कुठे होतं? कुणाची बकरी मारली असतीस तर मालकाकडे नेलं असतं तुला, तो शिव्या देऊन मोकळा झाला असता. वक्फाला मालक नसतो, शामे. कुणाच्या दारात जाशील?"

या एका गोष्टीला शामे इतकी वर्षं घाबरत होता, फक्त तिला नाव आज मिळालं.

"आणि ऐक," मालिम जरा खाली आले. "अट मोडली ती मीच. ती तुझ्या फांद्यांत घालू नकोस. ती माझी मला राहू दे, त्यावर मी बोलेन तिथे. तुझ्या सतरा तुझ्यापाशी. पण झाड माझ्या पापाने गेलं नाही, एवढं..." ते थांबले. मग त्यांनी मदरशाकडे तोंड करून हाक मारली, "तातू! ए तातू! मेलीस का?"

तातू हात पुसत आली. "तुमच्या आधी कशी मरेन? काय झालं?"

"सकाळची उजी उरलीय का?"

तातूने शामेकडे पाहिलं, मालिमकडे पाहिलं. ती गेली आणि वाटी घेऊन आली. उजी गार होऊन वर साय धरली होती. मालिमनी वाटी दोन्ही हातांत धरली, आधी वास घेतला, मग एक घोट, मग दुसरा. गालांवरून पाणी वाहून दाढीत जात होतं. तिसऱ्या घोटाला त्यांनी वाटी खाली केली.

"मीठ कमी आहे."

"तीस वर्षं मीठ चाखायला कोण होतं?" तातू म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून चुलीकडे पळाली.

मालिमनी फातिहा पढला. बोट बुंध्याच्या दिशेने करून म्हणाले, "आता तिला सांग. मोठ्याने."

"मालिम..."

"ती ऐकेल की नाही, मला ठाऊक नाही. पण मला ऐकवलंस आणि तिला नाही, हे बरं नाही."

शामे उठून बुंध्यासमोर उभा राहिला. तिथे कुणीही बसलेलं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला सरकारी अधिकारी, टोपी हातात घेऊन, भर उन्हात एका वाळक्या लाकडाला सांगत होता, की बी झुवेना, मी हमदचा मुलगा शामे, तुझी उजी आठ वर्षं प्यायली आणि तुझं झाड मोडलं. सांगून झाल्यावर तो उत्तराची वाट बघत थांबला. कावळा ओरडला नाही, पान हललं नाही. सलामाला उत्तर देत नाही म्हणतात, ते खरं निघालं.

मालिम मसूद त्यानंतर चार महिने जगले आणि रोज उजी प्यायले, रोज मिठावरून तातूशी भांडले. जनाज्याला बेटाच्या दोन्ही टोकांची माणसं आली. ते शांत गेले.

शामेला गाव अजून नम्र म्हणतं. मालिमनी कुणाला सांगितलं नाही आणि तातूला ऐकू आलं नव्हतं, किंवा ती तसं म्हणते. यंदाही त्याने एक झाड दिलं. आता तोडणीच्या आधी तो तोडणाऱ्यांना विहिरीजवळ उभं करतो, आकडीची काठी हातात घेऊन फांदी कशी ओढायची ते दाखवतो, आणि सगळे झाडांवर चढले की खाली मान घालून कान देतो. कड् येतं. कधी झाडावरून येतं, कधी कुठूनच नाही. आणि पाठोपाठ तो हिरवा वास.

नासराचा कागद त्याने भरून पोस्टात टाकला. 'इतर कारण' या लांब ओळीवर एकच शब्द लिहिला होता: सतरा. नासराने तो दोनदा वाचला. आकडे एक ते पाचच होते, म्हाताऱ्याची गडबड झाली असणार, असं तिला वाटलं. तिने त्यावर बारीक रेघ मारली, बाजूला 'उत्तर अस्पष्ट' असं लिहिलं आणि पुढचा कागद घेतला.